नावाचा रकाना काढून टाका

माणसाच्या ओळखीपाळखी मोजण्याचं एक शास्त्र आहे. एक माणूस गाठायचा आणि त्याला विचारायचं की मनातलं कुणाशी बोलतोस, अडीनडीला पैसे कुणाकडे मागतोस, आजारी पडलास तर दवाखान्यात कोण नेतं. मग त्या प्रत्येकाचं वय, शिक्षण, नातं, भेट किती दिवसांनी होते. आणि शेवटी, यातलं कोण कोणाला ओळखतं. त्यातून त्या माणसाभोवतीचं जाळं तयार होतं. आरोग्यापासून कर्जापर्यंत बऱ्याच गोष्टी अशा जाळ्यांमधून समजतात, म्हणून संशोधकांना त्यात रस असतो. पूर्वी हे कागदावर चालायचं. आता त्यासाठी सॉफ्टवेअर आहेत: इगोनेट, इगोवेब, व्हेनमेकर, नेटवर्क कॅनव्हास. नेटवर्क कॅनव्हास त्यातलं सगळ्यात देखणं. टॅब्लेटवर गोल गोल ठिपके येतात, जवळच्या माणसाचा ठिपका बोटाने सरकवून आतल्या वर्तुळात ठेवायचा. फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे. माझं पोट कोडवर चालतं, त्यामुळे एवढं नीट बांधलेलं फुकट काही दिसलं की आधी हात जोडावेसे वाटतात.

तरी माझं भांडण आहे, आणि ते एका चौकोनाशी आहे. मुलाखत सुरू झाली की बहुतेक वेळा पहिला रकाना येतो तो नावाचा. या पहिल्या प्रश्नाला शास्त्रातच 'नेम जनरेटर' म्हणतात, म्हणजे नावं काढून घेणारा प्रश्न. हा रकाना काढून टाका, एवढंच माझं म्हणणं आहे. तो चुकीची माहिती गोळा करतो, आणि जी गोळा करतो ती देणाऱ्याच्या मालकीची नसते.

आधी चुकीच्या माहितीचं बोलू. माझं गाव नशिराबाद, जळगावहून भुसावळला जाताना हायवेवर लागतं. मागच्या मे महिन्यात सुट्टीवर होतो तेव्हा टॅब्लेटवर हे सॉफ्टवेअर टाकलं, प्रश्न मराठीत लिहिले आणि आजीला घेऊन ओसरीवर बसलो. संशोधन वगैरे काही नव्हतं. एका परक्या देशात बनलेली वस्तू आपल्या ओसरीवर कशी चालते ते बघायचं होतं.

"तुझ्या सगळ्यात जवळचं कोण? नाव सांग."

पहिलं उत्तर आजोबांचं, आणि तिथेच गाडी अडली. "त्यायचं नाव कसं घेऊ मी?" आता उखाण्यात घे म्हणावं तर टॅब्लेटला उखाणा कळत नाही. शेवटी रकान्यात 'हे' असं टाइप केलं. दुसरी भादलीची. तिसरी असोद्याची. चौथी वरणगावची. या बायकांशी आजीचं पन्नास वर्षांचं बोलणं आहे, एकमेकींच्या बाळंतपणात गेलेल्या आहेत, पण त्यांची नावं तिला आठवून आठवून सांगावी लागली. एकीचं तर माहेरचं वेगळं, सासरचं वेगळं, आणि आधार कार्डावर तिसरंच. आमच्याकडे बाई माहेरच्या गावावरून ओळखली जाते. भादलीच्या दोन असल्या तर एक वरच्या गल्लीतली भादलीची आणि एक खालच्या. आधी गाव, मग घर, मग नातं आणि सगळ्यात शेवटी, लागलंच तर, नाव. सॉफ्टवेअरचा क्रम बरोब्बर उलटा.

पाचव्या वेळी तिने माणूस सांगितलाच नाही, घर सांगितलं. "त्यायचं घर." त्या घरात सात माणसं. उसनी साखर सून देते, पैसे सासरा देतो, दवाखान्यात मुलगा नेतो. हा ठिपका एक की सात?

कुणी म्हणेल, आपल्याकडे तरी दुसरं काय होतं? लग्नातली आहेराची वही बघा. ती आपली अस्सल जाळं मोजण्याची वही: कोण, कुठल्या गावचं, किती रुपये, कुठल्या साली. आपल्या लग्नात त्यांनी किती दिले होते ते पाहून त्यांच्या लग्नात किती द्यायचे ते ठरतं. कुठल्याही डेटाबेसला लाजवेल अशी नोंद. पण तिच्यातही नावं जवळजवळ सगळी पुरुषांची. दोन मैत्रिणींची जिवाभावाची ओळख वहीत दोन नवऱ्यांच्या नावावर चढते. म्हणजे नावाच्या रकान्याने बायका गायब करण्याचं काम आपण सॉफ्टवेअर यायच्या आधीपासून करतोय. नव्या यंत्राने तेच पुढे चालवावं असं काही नाही.

नावं मागणं हा प्रश्न किती नाजूक असतो, याचा धडा अमेरिकेने एकदा घेतलाय. तिथल्या जनरल सोशल सर्व्हेत १९८५ साली लोकांना विचारलं होतं की महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कुणाशी बोलता. सरासरी २.९४ नावं आली. २००४ साली तोच प्रश्न विचारला तर २.०८. कुणीच नाही म्हणणारे दहा टक्क्यांवरून जवळपास पंचवीस टक्क्यांवर गेले. २००६ मध्ये हा निबंध छापून आला आणि अमेरिकन माणूस एकाकी झाला म्हणून बोंब उठली. २०१३ मध्ये अँथनी पाइक आणि केनेथ सँचाग्रिन यांनी तीच आकडेवारी मुलाखत घेणाऱ्यांनुसार लावून पाहिली. काही मुलाखतकारांच्या वाट्याला चमत्कारिक इतके एकाकी लोक आले होते. प्रत्येक नावामागे पुढच्या प्रश्नांची रांग लागते, नाव कमी तर काम कमी. एका देशाचा एकटेपणा बऱ्याच अंशी कंटाळलेल्या मुलाखतकारांनी भरलेला निघाला.

आता दुसरा मुद्दा, माझ्या दृष्टीने जास्त गंभीर. आजीने होकार दिला तो आजीचा. भादलीच्या बाईने कुठे दिला होता? तिचं वय, तिचं शिक्षण, ती किती वेळा पैसे मागायला येते, हे सगळं तिच्या नावासकट नोंदवलं गेलं आणि ती त्या वेळी शेतात होती. हा आक्षेप मी शोधून काढलेला नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या जुळ्यांवरच्या अभ्यासात एका मुलीला घरी प्रश्नावली आली. ती तिच्या वडिलांनी वाचली. त्यात वडिलांच्या नैराश्याबद्दलही विचारलं होतं. माझ्याबद्दल माहिती घ्यायला माझी परवानगी कुणी घेतली, असं म्हणून त्यांनी तक्रार केली, आणि प्रकरण वाढत जाऊन जानेवारी २००० मध्ये त्या विद्यापीठाचं माणसांवरचं संशोधन काही काळ थांबवलं गेलं.

आपल्याकडचा आकडा याहून बोलका आहे. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात माहिती गोळा करणारं ॲप एका विद्यापीठातल्या संशोधकानेच बनवलं होतं. २०१८ मध्ये फेसबुकने सांगितलं की भारतात ते ३३५ जणांनी घेतलं, आणि त्यामुळे ५ लाख ६२ हजार लोकांची माहिती गेली असू शकते. तीनशे पस्तीस. एका बऱ्या लग्नात पहिल्या पंगतीला यापेक्षा जास्त माणसं बसतात. त्यांनी 'होय' दाबलं आणि बाकीचे साडेपाच लाख कुणाच्या तरी ओळखीत असल्याबद्दल सापडले.

आणि कर्ज देणारी ॲप्स तर तुमच्या-माझ्या वयाच्या मुलांना सांगायला नकोत. हप्ता थकला की मामाला फोन, मॅनेजरला फोन, शाळेतल्या बाईंना मेसेज. त्या धंद्याचं सगळं भांडवल म्हणजे फोनमधली नावांची यादी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये या ॲप्सना कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायला मनाई केली ती याच कारणाने. संशोधक म्हणतील, आम्हाला त्यांच्या रांगेत बसवू नका. हेतूने नाहीच बसवत. पण फाईल दोघांचीही सारखीच दिसते: कोण, कुणाचं, किती जवळचं. फाईल चोरीला गेली तर ती कुठल्या हेतूने बनवली होती ते तिच्यावर लिहिलेलं नसतं.

चोरीही लांबची गोष्ट. गावात मुलाखत घेताना खोलीत एकटं कोण असतं? मी आजीशी बोलत होतो तेव्हा मागे दोन काकू, एक चुलत भाऊ आणि दूध घालायला आलेला मुलगा उभा होता. कागदावरचं तिरकं अक्षर चार फुटांवरून वाचता येत नाही. टॅब्लेटवरची वर्तुळं येतात, नावासकट, रंगीत. आजीचं ठीक आहे, तिला लपवायचं काही नाही. पण तिच्या जागी नवी लग्न झालेली मुलगी असती, तिच्या सगळ्यात आतल्या वर्तुळात सासरचं कुणीच नसतं आणि कॉलेजातला एक मुलगा असता, दुसऱ्या जातीचा किंवा दुसऱ्या धर्माचा? आमच्या गावात दोन्ही धर्मांची घरं आहेत, असं नाव सापडलं तर काय होतं ते मला माहीत आहे. ती मुलगी खरं सांगणार नाही. आणि सांगितलंच, तर त्याची किंमत ती भरेल, तो मुलगा भरेल. टॅब्लेट घेऊन आलेला माणूस तोवर शेवटच्या बसने जळगावला गेलेला असेल.

यावर पहिलं उत्तर येतं की आम्ही नंतर नावं पुसतो. नंतर म्हणजे विद्यापीठात पोचल्यावर. तोवर ती टॅब्लेटमध्ये, मग लॅपटॉपवर, मग कुणीतरी ईमेलला जोडलेल्या फाईलमध्ये. मी रोज डेटाबेस बघतो. 'नंतर पुसू' म्हणून ठेवलेला रकाना किती वर्षं टिकतो ते मला विचारा. दुसरं उत्तर कायद्याचं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, त्या व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जात नसेल आणि ठरवलेले निकष पाळले जात असतील तर. असू दे. सूट आहे म्हणजे गरज आहे असं होत नाही.

तिसरं उत्तर मात्र खरं आहे. पूर्ण गावाचं जाळं काढायचं असेल तर नाव लागतं, कारण तू सांगितलेली भादलीची आणि तिने सांगितलेली भादलीची एकच आहे हे जुळवावं लागतं. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, अरुण चंद्रशेखर आणि मॅथ्यू जॅक्सन यांनी कर्नाटकातल्या ७५ गावांत तांदूळ-रॉकेल उसनं कुणाकडून घेता इथपासून विचारलं, आणि छोट्या कर्जाची बातमी गावात कशी पसरते ते दाखवलं. तिथे नाव हवं, मान्य. पण ही सॉफ्टवेअर मुख्यतः एका माणसाच्या जाळ्यासाठी आहेत. तिथे एका मुलाखतीतल्या ठिपक्यांची दुसऱ्या मुलाखतीशी जुळणी करायचीच नसते. दहा ठिपके एकमेकांपासून वेगळे ओळखू आले की झालं.

आणि नावाशिवाय मोजता येतं हे याच देशात सिद्ध झालंय. इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेने २००४-०५ मध्ये ४१,५५४ घरांना विचारलं की तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर, शिक्षक, सरकारी नोकर आहे का. नाव कुणीच विचारलं नाही, तरी कुठल्या घराची पोच कुठवर आहे ते कळलं. त्याच्याही आधी, १९६३ साली इरावती कर्वे आणि वाय. बी. दामले यांचं महाराष्ट्रातल्या खेड्यांवरचं पुस्तक डेक्कन कॉलेजने काढलं. माणसं मदतीला, कामाला, कार्याला कुणाकडे जातात ते त्यांनी विचारलं, आणि त्यात नातं, जात आणि शेजार यांचा वाटा किती ते पाहिलं. नातं सगळ्यात वरचढ निघालं. हा निष्कर्ष काढायला एकाही माणसाचं नाव लागत नाही.

तर काय करायचं? आधी नातं विचारा, मग गाव, मग घर. घर हाही एक ठिपका असू द्या आणि आतली माणसं हवी तेव्हा उघडा. नावाच्या जागी बोलणाऱ्याला हवी ती खूण ठेवू द्या: चित्र, रंग, 'हे', 'खालच्या गल्लीतली'. मुलाखत संपली की ती खूणही तिथेच, टॅब्लेटमध्येच, तिच्या डोळ्यांसमोर पुसली जाऊ दे, बाहेर फक्त क्रमांक जाऊ देत. आणि पडदा झाकायचं एक मोठं बटण द्या, दूधवाला आला की दाबायला. यातलं काहीच अवघड नाही. दोन रविवारचं काम आहे, कोड खुला आहे, आणि खुणांची चित्रं मी आजीकडून काढून घ्यायला सुरुवातही केली आहे. आजोबांसाठी तिने टोपी काढली आहे.