हरण्याचे पैसे

मुलांचे ऑनलाइन गेम आपण ‘टाइमपास’ म्हणून सोडून देतो. दक्षिण कोरियात ते कोर्टात गेले. ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणारा ली सुंग-ह्यून २०१४ मध्ये जगज्जेता झाला, वय अवघं १७! पुढच्याच वर्षी दोन सामने मुद्दाम हरायला त्याने सट्टेवाल्यांकडून ७ कोटी वॉन घेतले. २०१६ मध्ये दीड वर्षाची स्थगित कैद, तेवढाच दंड आणि खेळातून कायमची बंदी.

बक्षिसं वरच्या नंबरांनाच मिळतात, म्हणून खालची मुलं विकली जातात, असं म्हणतात. असेलही. पण हा तर पहिला होता ना! मला मात्र वाईट वाटतं समोरच्या खेळाडूचं. जिंकल्यावर त्याने आनंदाने आईला फोन केला असेल. आता आपण खरंच जिंकलो असतो का, हे त्याला कधीच कळणार नाही.