नजर बांधावर ठेवा



गेल्या सालची गोष्ट. महिनाभर आमच्या घरात रोज संध्याकाळी एक विमान पडत होतं. घाबरू नका, ते पडायचं नातवाच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. पाडणारी होती आमची सूनबाई.

तुम्ही म्हणाल, घरातल्या बाईमाणसाला हा नाद कुठून लागला? नाद नव्हता, गरज होती. महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देणारी ‘नमो ड्रोन दीदी’ ही केंद्र सरकारची योजना 2023-24 ते 2025-26 या सालांसाठी निघाली. ड्रोनच्या किमतीचा शेकडा 80 भाग, जास्तीत जास्त 8 लाख रुपये, सरकारचा. बाकीचा गटानं उभा करायचा. गटातल्या एकीनं 15 दिवसांचं शिक्षण घ्यायचं, पाच दिवस उडवण्याचं नि दहा दिवस फवारणीचं. आमच्या गटानं सूनबाईचं नाव घातलं. नाव घातलं त्या रात्री ती जेवली नाही. म्हणाली, “मामंजी, सगळ्या बायकांचा पैसा त्यात गुंतलाय. माझ्या हातून पडलं तर?”

नातू म्हणाला, “आई, आधी माझ्या विमानावर शीक. तिथं पडलं तर पैसा जात नाही.” त्याच्याकडे ‘फ्लाइटगिअर’ नावाचा कार्यक्रम आहे. 1997 साली निघालेला हा कार्यक्रम अजूनही फुकट मिळतो. त्यात सेसना 172 हे चार जणांचं छोटं विमान आहे. विमान वेगळं नि ड्रोन वेगळा, हे खरंच. पण हातानं हाकायचं नि डोळ्यानं सांभाळायचं, हे दोन्हीकडे सारखं. ते मी शेजारी बसून पाहिलं. जे समजलं ते सांगतो, कारण आता पुष्कळ घरांत पोरं हे खेळतात नि विमान पडलं की कॉम्प्युटरला नावं ठेवतात.

पहिली अडचण अशी, की या विमानाला डोळे फार! कीबोर्डवर ‘व्ही’चं बटण दाबलं की बघायची जागा बदलते. कधी आपण वैमानिकाच्या बैठकीत, कधी विमानाच्या मागं-मागं उडतोय, कधी विमानतळाच्या मनोऱ्यावर उभे राहून लांबून बघतोय. बाहेरून विमान झोकदार दिसतं, म्हणून नवखा माणूस तिथंच रमतो. सूनबाईही रमली. पण बाहेरून उतरायला गेलं की वेगाचा काटा दिसत नाही, उंचीचा दिसत नाही, नि चाक जमिनीपासून किती वर आहे त्याचा अदमास लागत नाही. वरात बघायला ओट्यावर उभं राहावं, पण गाडी हाकायची तर जुवाच्या मागंच बसलं पाहिजे. म्हणून शिकताना बैठकीतूनच चालवा. बाहेरची दृश्यं उडून झाल्यावर, हौसेपुरती.

या खेळाचा मूळ पुरुष ऐका. 1929 साली अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसानं वैमानिकांना शिकवायचं पहिलं नावाजलेलं यंत्र केलं. त्याच्या बापाचा ऑर्गन नि पियानो बनवायचा कारखाना. आपल्या पेटीला जसा भाता, तसे ऑर्गनचे भाते वापरून त्यानं लाकडी विमान जागच्या जागी डोलवलं. वरून झाकण लावलं की आतल्याला बाहेरचं काही दिसत नसे, पुढ्यातले काटे तेवढे दिसत. 1934 साली टपालाची विमानं नेताना अमेरिकी लष्कराचे वैमानिक खराब हवेत दगावले, तेव्हा लष्करानं अशी सहा यंत्रं विकत घेतली. त्या यंत्राला एकही खिडकी नव्हती नि माणसं शिकली. आमच्या पडद्यावर खिडक्यांचा सुकाळ, म्हणून आम्ही गोंधळतो!

दुसरी अडचण मोठी मजेची. सूनबाईला डावीकडे बघायचं होतं. तिनं माऊस डावीकडे सरकवला, तर विमानच डावीकडे कलंडलं. झालं असं, की या कार्यक्रमात ‘टॅब’चं बटण दाबलं की माऊसचं काम बदलतं. साधा बाण असेल तर तो नेहमीचा माऊस. अधिकाचं चिन्ह आलं तर माऊस म्हणजे विमानाचा दांडा, तो हलला की विमान हललं. दोन तोंडांचा बाण आला तर माऊस म्हणजे आपली मान. आकड्यांचंही तसंच. कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांचा चौकोन असतो. तिथला 4 नुसता दाबला तर विमान डावीकडे कलतं. शिफ्ट धरून तोच 4 दाबला तर आपण डावीकडे बघतो. बटण तेच, पण एकदा हात, एकदा डोळा. घाईत शिफ्ट सुटली की बघायला गेलो नि बुडालो.

यावर आम्ही घरात तीन नियम केले. पहिला, माऊस फक्त बघण्यासाठी ठेवायचा, हाकण्याचं काम आकड्यांनी करायचं. दुसरा, कुठंही बघितलं तरी लगेच समोर यायचं. शिफ्ट धरून 8 म्हणजे समोर. दृश्यच भलतीकडे गेलं तर कंट्रोल धरून ‘व्ही’, की पुन्हा वैमानिकाच्या बैठकीत. बाहेर पडताना घराची वाट ठाऊक असावी, तशी ही दोन बटणं पाठ हवीत. तिसरा, गोंधळ झाला तर ‘पी’ दाबून विमान जागच्या जागी थांबवायचं, पाणी प्यायचं, मग पुढं. खऱ्या आकाशात ही सोय नाही, म्हणून शिकताना ती पुरेपूर वापरा.

पोरं जॉयस्टिक मागतात. आधी महिनाभर या बटणांवर हात बसू द्या. मग घेतलीच, तर जिच्या माथ्यावर अंगठ्यानं फिरवायची छोटी घुंडी आहे ती घ्या. घुंडी बघायला, दांडा हाकायला. हात नि डोळा वेगळे राहिले की निम्मे घोटाळे मिटतात.

आणखी एक खोड सांगतो. ‘एक्स’ दाबलं की दृश्य जवळ येतं, शिफ्ट धरून ‘एक्स’ दाबलं की लांब जातं. जास्त दिसावं म्हणून सूनबाई दृश्य लांब करी. मग धावपट्टी दिसे बारीक, वाटे अजून दूर आहे, नि तोवर विमान आदळलेलं असे. एकच माप ठरवा नि रोज त्याच मापानं बघा. रोज माप बदललं तर नजरेला अंदाज कसा यायचा? चुकून बदललं तर कंट्रोल धरून ‘एक्स’, की मूळ माप परत.

एवढं करूनही विमान पडतच होतं. शेवटच्या घटकेला एकतर नाक रुते, नाहीतर विमान उसळी घेई. दोन-चार दिवस मी गप्प बसलो. मग विचारलं, “पोरी, उतरताना बघतेस कुठं?” म्हणाली, “चाकाखाली येते त्या पट्टीकडं.”

मंडळी, मला माझा बाप आठवला. चौदा वर्षांचा असेन. पहिल्यांदा नांगराचं रुमणं हातात मिळालं. मी फाळाकडे बघत चाललो नि तास पडलं सापासारखं. बाप बांधावरून ओरडला, “फाळ काय बघतोस! त्या पलीकडच्या बांधावरची बाभळ बघ नि चाल.” बाभळीवर नजर ठेवली नि तास सरळ झालं.

मी सूनबाईला तेच सांगितलं. उतरताना आधी पट्टीच्या अलीकडच्या तोंडावर नजर ठेव, वेगाचा काटा 65 च्या आसपास राहू दे. जमीन जवळ आली की नजर उचल नि पट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला लाव, मग नाक हळूहळू वर घे. नातवानं पडताळून पाहिलं, तर खऱ्या वैमानिकांनाही हेच शिकवतात म्हणे! लांब बघितलं की जमीन किती वेगानं वर येतेय ते डोळ्याच्या कडेला आपोआप कळतं. त्या संध्याकाळी तिसऱ्या खेपेला विमान लोहगावच्या पट्टीवर टेकलं. नातवानं टाळ्या वाजवल्या, सूनबाईनं डोळ्याला पदर लावला.

मग मात्र मीच म्हटलं, आता मनोऱ्यावर चढ. कारण ड्रोन चालवणारा बैठकीत नसतो, बांधावर उभा राहून लांबून बघतो. मनोऱ्यावरून बघताना विमान आपल्याकडे तोंड करून आलं, की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. आरशात बघून भांग पाडण्यासारखं! डावीकडे वळवावं तर ते आपल्या उजवीकडे जातं, नि बावरलेला हात आणखी उलटा पडतो. फवारणीचा ड्रोन आखून दिलेल्या वाटेनं आपोआप जातो, तरी अडचणीच्या वेळी हातानंच सावरावं लागतं. म्हणून ड्रोनची पाठ आपल्याकडे करून उडवावं, नि तो तोंड फिरवून आला तर आधी थांबवावं, मग वळवावं. सूनबाईनं आठवडाभर मनोऱ्यावरून सराव केला.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरच्या पडद्यावर शंभर तास उडवलं तरी लायसनच्या हिशेबात त्यातला एक तासही धरत नाहीत. पोरगं खेळात पटाईत आहे म्हणून जमिनीवर बोजा चढवून वैमानिक करायला निघू नका. आधी बारावीला गणित नि पदार्थविज्ञान, मग डोळ्यांसकट वैद्यकीय तपासणी, मग पैशाची गोष्ट. खेळानं नजरेला वळण लागतं, ते मात्र कुठंही उपयोगी पडतं.

सूनबाई 15 दिवसांचं शिक्षण घेऊन आली. पहिल्या दिवशी ड्रोन तोंड फिरवून तिच्याकडेच आला, तेव्हा तिनं तो आधी जागच्या जागी थांबवला, मग वळवला. आता ती आमच्या उसाच्या बांधावर उभी राहून फवारणी करते. मी मागं बसून असतो. काही बोलत नाही. ती कुठं बघतेय, एवढंच बघतो.