कव्हरच्या नावापुढचं शून्य

कबड्डीची वही माझ्याकडे आली ती गुडघा गेल्यावर. त्याआधी मी आमच्या गावच्या, मार्गासनीच्या, संघात डावा कव्हर खेळायचो. मैदान तेव्हा लाल मातीचं, पाणी मारून चोपलेलं. हल्ली बऱ्याच स्पर्धांना मॅट येते, पण वही तीच आहे. डावीकडे खेळाडूंची नावं, मग एक रकाना चढाईच्या गुणांचा, एक पकडीचा. मुलं तोंडाने रेड, टॅकल म्हणतात. मी लिहिताना चढाई, पकड लिहितो. सतरा वर्षं मी हे दोन रकाने भरत आलो. त्यांत काही राहून जातंय हे माझ्या लक्षात आलं ते पुतण्याच्या फोनमुळे.

पुतण्या अकरावीला आहे. भातलावणीचा चिखल धुऊन संध्याकाळी ओटीवर बसला की तो बास्केटबॉलचा संघ चालवायचा ऑनलाइन खेळ खेळतो. त्यात आपण चेंडू टाकायचा नसतो. खेळाडू विकत घ्यायचे, सराव लावायचा, कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवायचं. सामना संगणक लढवतो. प्रत्येक खेळाडूला रेटिंग असतं आणि ते कसं निघतं हे त्याने मला एका संध्याकाळी नीट समजावलं. लांबून नेम, पास, चेंडू हाताळणं, रिबाउंड, बास्केटखालचा बचाव, दम अशा एकेका कौशल्याला आकडा. मग जागेप्रमाणे वजन. सेंटरच्या रिबाउंडला जास्त वजन, गार्डच्या पासला जास्त. तोच माणूस सेंटरला उभा केला तर एक रेटिंग, गार्डला उभा केला तर दुसरंच. वजनं नेमकी किती ते खेळ सांगत नाही. खेळणारे सामन्यामागून सामने पडताळून अंदाज बांधतात.

जागेप्रमाणे वजन ही गोष्ट मला फार पटली. आमच्या वहीत कोपरारक्षक आणि कव्हर एकाच मापाने मोजले जातात.

पण पुतण्याने पुढे माझीच वही घेतली आणि गेल्या हंगामाच्या आकड्यांवरून आमच्या मुलांची रेटिंग काढली. आमचा डावा कव्हर सगळ्यांच्या खाली आला. कित्येक सामन्यांत त्याच्या नावापुढे शून्य होतं. यादी मुलांच्या फोनवर फिरली.

आता हा मुलगा करतो काय, ते सांगतो. चढाईपटू आमच्या डाव्या कोपऱ्यावर हात टाकायला येतो. कोपरारक्षक आणि कव्हर यांची साखळी असते, हातात हात. चढाईपटूचं लक्ष कोपऱ्यावर असताना कव्हर अर्धं पाऊल पुढे सरकतो. अर्धंच, पूर्ण टाकलं तर तोच टिपला जाईल. त्या अर्ध्या पावलाने चढाईपटूची मध्यरेषेकडची सरळ वाट बंद होते. त्याला वळून लांबून जावं लागतं, वळताना मागचा पाय क्षणभर जागेवर राहतो आणि कोपरारक्षक घोटा धरतो. शिट्टी वाजते, लोक कोपरारक्षकाच्या नावाने ओरडतात आणि वहीत मी त्याच्या पुढे एक लिहितो. नियमाने गुण संघाला मिळालेला असतो. तो एका नावावर चढवणारा हात माझा असतो.

आणि कित्येकदा तर पकडही होत नाही. वाट बंद दिसली की चढाईपटू निदान रेषा ओलांडून नुसता परत जातो. समोरच्या संघाच्या अशा दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसरी करणाऱ्याला गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. त्या तिसऱ्या चढाईवरची पकड सगळ्यांना आठवते. ज्याने वाट अडवून आधीच्या दोन चढाया रिकाम्या घालवल्या, त्याचं वहीत कुठेच काही नाही.

यादी फिरल्यावर मुलाचा खेळ बदलला. आमच्याच खोऱ्यातल्या एका गावच्या जत्रेतल्या सामन्यात तो घोट्यांवर झेपा टाकू लागला. त्याला दोन पकडी मिळाल्या. चार वेळा तो बाद झाला. आमच्यावर दोन लोण चढले. त्या रात्री वहीप्रमाणे तो त्याच्या आजवरच्या चांगल्या सामन्यांपैकी एक खेळला होता, आणि आम्ही हरलो होतो. घरी येताना टेम्पोत तो माझ्या शेजारी गप्प बसून होता. मला त्याच्यापेक्षा माझ्या वहीचं जास्त वाईट वाटलं.

ही अडचण आमच्या गावापुरती नाही. बॉस्टनच्या बिल रसेलने अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये १३ हंगामांत ११ विजेतेपदं मिळवली, आणि ती मुख्यतः बचावाच्या जोरावर. तो १९६९ मध्ये थांबला. तिथल्या एनबीएने अडवलेले फटके अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ पासून. त्यामुळे ज्या कामासाठी तो ओळखला गेला त्याची अधिकृत नोंद शून्य आहे. आपल्याकडे प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण दिल्लीच्या आशू मलिकचे होते, २७६. सर्वांत मौल्यवान खेळाडू मात्र पुणेरी पलटणचा कर्णधार, नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार ठरला. त्याचे चढाईचे गुण आशूच्या आसपासही नव्हते. पण तो चढाई करायचा, पकडही करायचा, आणि त्याच्या संघाने १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून करंडक घेतला. तिथे मोजणाऱ्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

माझं म्हणणं निवड करणाऱ्यांना आहे. चाचणीला पाच-सात मिनिटांचा खेळ बघून आणि मागच्या गुणांचा कागद बघून मुलं निवडली जातात. माझ्या काळातही तसंच होतं. माझ्या शेजारचा कोपरारक्षक पुढे गेला, त्याबद्दल मला आनंदच आहे, पण तो स्वतः सांगतो की पुढच्या संघात त्याच्या शेजारी वाट अडवणारा नव्हता आणि त्याच्या पकडी निम्म्यावर आल्या. मुलांना काय मोजणार ते आधी सांगा. कोणत्या जागेला कशाचं वजन, ते फळ्यावर लिहा. कबड्डीत तर एक सोय आहे जी दुसऱ्या खेळांत इतकी सहज मिळत नाही: गडी बाद होऊन बाहेर बसतो. तो आत असताना समोरच्या किती चढाया रिकाम्या गेल्या आणि बाहेर असताना किती, एवढं लिहायला एक माणूस आणि एक पेन्सिल पुरते.

आमच्याकडे मी सुरुवात केली आहे. वहीत तिसरा रकाना आखला, वर लिहिलं ‘वाट अडवली’. पुतण्या माझ्या शेजारी बसून रेघा मारतो. आकड्यांचं वेड त्याचंच, ते कामाला आलं. परवाच्या सरावात डाव्या कव्हरच्या नावापुढे अकरा रेघा झाल्या. सराव संपल्यावर त्या कव्हरने वही मागून घेतली, बराच वेळ बघितली आणि पेन्सिल उचलून दोन रेघा खोडल्या.

“नाना,” तो म्हणाला, “त्या दोन टायमाला रेडर स्वतःच वळला होता.”