तळावरची तक्रार आणि जगाची परिषद

नातेपुत्याचा एक मुलगा पुण्यातल्या एका संस्थेच्या जनसंपर्क विभागात आहे. परदेशात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय जनसंपर्क परिषदेला संस्था त्याला पाठवते आहे. गावात बातमी पोचल्यापासून एसटी स्टँडवर एकच सूर ऐकू येतो: 'फिरायला निघालाय.' साखर कारखान्यात जनसंपर्क अधिकारी म्हणून उभी नोकरी केलेल्या मला हे पटत नाही. त्यानं जावं. फक्त रिकाम्या हातानं जाऊ नये.

लोकांच्या मनात अढी आहे, कारण जनसंपर्क म्हणजे हार, फोटो आणि साहेबांची बातमी, एवढंच त्यांनी पाहिलं. हा व्यवसाय मुळात असा नव्हता. 1906 साली अमेरिकेत कोळसा खाणींचा वाद पेटला असताना आयव्ही ली या माजी पत्रकारानं जाहीर केलं की वृत्तपत्रांना आणि जनतेला खरी माहिती वेळेवर देणं हे आपलं काम. 1955 मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटना स्थापन झाली. दहा वर्षांनी अथेन्समध्ये तिनं स्वीकारलेल्या आचारसंहितेला मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार होता. 1982 मध्ये जागतिक जनसंपर्क काँग्रेस आपल्या मुंबईतच भरली होती. पुढं 2012 साली मेलबर्नला जमलेल्या जगभरच्या जनसंपर्क मंडळींनी ठराव केला, की संस्थांनी लोकांचं ऐकून घेण्याची संस्कृती जोपासली पाहिजे.

ठराव उत्तमच आहे. पण त्याची अंमलबजावणी पाहायची असेल, तर आषाढी वारीत नातेपुत्याच्या पालखी तळावर यावं.

बरडहून निघालेली माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि संध्याकाळी आमच्याकडे मुक्कामाला येते. समाज आरतीसाठी दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर एवढा, की शेजारच्याचं बोलणं कळत नाही. मग चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, वाद असेल तर मिटवतात. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची माहिती आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते. आरती त्यानंतर. तक्रार शिल्लक असेपर्यंत आरती होत नाही! आळंदीपासून प्रत्येक मुक्कामाला ही रीत पाळली जाते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली. ते शिंद्यांच्या पदरी होते, त्यामुळं मोठा समुदाय कसा हलवायचा हे त्यांना ठाऊक होतं.

आता आमच्या सहकारी संस्थांची वार्षिक सभा आठवा. विषयपत्रिकेवर सभासदाचा प्रश्न कुठं असतो? अगदी शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीनं येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत.' तोवर 'मंजूर, मंजूर'च्या आरोळ्या होऊन मंडळी जेवणाकडे वळलेली असतात. तळावर जी गोष्ट सर्वांत आधी, ती सभेत सर्वांत शेवटी.

ऐकून घेण्याचं मोल मला कारखान्यात कळलं. ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचा पुरवठा झाल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यायची असते, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याजासह. बिल लांबलं की शेतकरी माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे. मी काय शिकलो, तर पैसे कधी मिळतील ते खरं सांगितलं, तर माणूस चिडला तरी परत बोलायला येतो. 'बघू, होईल' म्हटलं की तो येणंच बंद करतो. आणि येणं बंद झालं की छापील अहवालात कितीही रंगीत पानं घाला, त्यांचा उपयोग शून्य. तोडीची चिठ्ठी, वजनकाटा, बिलाची तारीख, हाच आमच्या भागातला जनसंपर्क. सोसायटी असो, दूध संघ असो की नगरपंचायत, वेगळं काही नाही.

म्हणून त्या मुलाला माझं सांगणं आहे: बाळा, तिथं बोलायची संधी मिळाली तर समाज आरतीबद्दल बोल. भक्तीचं दर्शन म्हणून नको. लाखोंच्या समुदायात एका दिंडीची तक्रार कशी ऐकली जाते, कोण ऐकतं, निर्णय कोण देतं, हे टप्प्याटप्प्यानं सांग. परक्या शहरातल्या तज्ज्ञांना हे नवं असेल. तिकडून येताना आपल्या संस्थांना उपयोगी पडेल असं काही मागून घे. संकटकाळी माहिती कशी द्यावी, खोट्या बातमीला उत्तर किती वेळात द्यावं, यात तिकडची मंडळी आपल्यापेक्षा पुढं आहेत.

आणि पाठवणाऱ्या संस्थांना विनंती. तिकिटाचा पैसा सभासदांचा, देणगीदारांचा किंवा करदात्यांचा असतो. जाऊन आलेल्या माणसाकडून चार पानांचा मराठी अहवाल घ्या, तो सूचना फलकावर लावा आणि पुढच्या सभेत पहिल्या विषयाआधी वाचून दाखवा. त्याच वेळी सभासदांचे प्रश्नही घ्या. ही तयारी नसेल, तर कुणाला परदेशी पाठवू नका.