कायदा आपल्या दारी : जीव वाचवणे गुन्हा आहे का?

घोड आणि भीमेच्या काठचा ऊस वाढला की शिरूर-दौंडच्या वस्त्यांवर दिवस मावळतानाच दारे लागतात. ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांना तर दारही नसते. अशा घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. बिबट्या अंगावर आला, हातातला कोयता चालवला आणि तो मेला, तर आपल्याला तुरुंग होईल का?

वाचकहो, उत्तर स्पष्ट आहे. नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे कलम ११ सांगते की, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेला वार हा गुन्हा नाही. मात्र ही सूट माणसाच्या जिवासाठी आहे, शेळी-कोंबडीसाठी नाही. काल शेळी नेली म्हणून आज फासा लावला, तर ती शिकार ठरते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आहे. मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता असतो. नखे काढू नका, पुरू नका. वनखात्याला १९२६ वर लगेच कळवा.

माणसामाणसांतही नियम हाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण स्वसंरक्षणाचा हक्क कायम राहिला. धोका दिसला की हक्क सुरू होतो, धोका टळला की संपतो. कोणी काठी घेऊन धावून आला तर त्याला अडवा, गरजेपुरता मारही द्या. पण तो पळाल्यावर पाठलाग करून डोके फोडले, तर ते स्वसंरक्षण नव्हे, सूड होय.

आता जमावाचे पाहू. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात महिन्याच्या आत बिबट्याने तीन बळी घेतले. त्यांत दोन लेकरे होती. संतापलेल्या लोकांनी वनखात्याची गाडी जाळली. त्या आईबापांचे दुःख आम्ही जाणतो. तरीही जाळपोळीला स्वसंरक्षण म्हणता येत नाही. पाच किंवा अधिक जण एकाच बेकायदा हेतूने जमले आणि एकाने काडी ओढली, तर कलम १९० खाली सारेच जबाबदार धरले जातात. नुसते बघणारा गुन्हेगार नसतो, पण ते पटवून देताना कोर्टाचे खेटे पडतात आणि रोजगार बुडतो. पुढे तो बिबट्या वनखात्याच्या आदेशानेच गोळी घालून मारला गेला. माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या प्राण्यासाठी कायद्यात ही वाट आहे. ती वेळेत उघडावी म्हणून अर्ज, ग्रामसभेचा ठराव, मोर्चा हे आपले हक्काचे मार्ग आहेत.

गुन्हा दाखल झालाच तर घाबरू नका. समजल्याशिवाय कागदावर अंगठा देऊ नका. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९९० पासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हा हक्क आहे. जातीचा दाखला घेऊन तालुका कोर्टातील विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा.

हा अंक कोपीवरच्या भावंडांनाही वाचून दाखवा.