बिल्ड हिरवा झाला, पण दुरुस्त झालं का?

‘ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट कर, रेझ्युमे भारी दिसेल,’ हा सल्ला सध्या कॉलेजात सगळ्यांनाच मिळतो. ‘गुगल समर ऑफ कोड’चं नाव तुम्ही सीनियर्सकडून ऐकलंच असेल. मग नवख्याने सुरुवात कुठून करायची? बऱ्याचदा उत्तर येतं, ‘फेल होणाऱ्या टेस्ट दुरुस्त कर, सोपं असतं.’ खरंच सोपं असतं का?

कोडिंगशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मोठ्या प्रोजेक्टमध्ये कुणीही कोड बदलला की एक यंत्रणा तो आपोआप बिल्ड करते आणि त्यावर शेकडो, कधी हजारो टेस्ट चालवते. सगळं पास झालं तर हिरवी टिक, नाहीतर लाल फुली. याला म्हणतात सीआय, म्हणजे कन्टिन्युअस इंटिग्रेशन.

फुली येण्याची कारणं मात्र वेगवेगळी असतात. कधी कोड चुकलेला असतो, कधी टेस्टच जुनी झालेली असते. आणि कधी तीच टेस्ट, तोच कोड, पण आज पास आणि उद्या फेल! अशा लहरी टेस्टला ‘फ्लेकी’ म्हणतात. गुगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे. गुगलचं हे, तर दोन-तीन स्वयंसेवकांवर चालणाऱ्या प्रोजेक्टचं काय होत असेल? मग सवय लागते. फुली दिसली की ‘री-रन’ दाबा, नाहीतर ती टेस्ट ‘स्किप’ करा.

फिजिक्स प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ येत नाही म्हणून रीडिंग ‘जुळवणारे’ आपल्या सगळ्यांच्याच बॅचमध्ये असतात. जर्नलवर सही मिळते, प्रयोग मात्र झालेला नसतो. टेस्ट स्किप करून मिळवलेली हिरवी टिक अगदी तशीच.

अर्ध्या सेकंदाने वाचवलं

यात एवढं काय बिघडतं, हे मार्च २०२४ मध्ये जगाला कळलं. ‘एक्सझेड’ हे फाइल कॉम्प्रेस करणारं छोटंसं सॉफ्टवेअर बहुतेक लिनक्स सिस्टीममध्ये असतं. ‘जिया टॅन’ नावाच्या अकाउंटने २०२१ पासून त्यात मदत करत करत थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला. नंतर त्याच अकाउंटने सर्व्हरमध्ये घुसण्याची चोरवाट पेरली. लपवली कुठे? टेस्टसाठी ठेवलेल्या फाइल्समध्ये! त्याआधी २०२३ मध्ये गुगलच्या ‘ओएसएस-फझ’ या तपासणी यंत्रणेत एक सुविधा बंद करून घेतली होती. पुढे नव्या आवृत्तीवर टेस्टिंगमध्ये एरर यायला लागल्या, तेव्हा ‘फिक्स’ही त्यानेच दिला.

पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेव्हलपरने. सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या ऑटोमेटेड टेस्टिंगमध्ये दिसलेली एक विचित्र तक्रारही त्याला आठवली. ‘असेल काहीतरी’ म्हणून त्याने सोडून दिलं असतं तर?

आकड्यांचा खेळ

आता आपल्याकडे वळू. आपल्याला शिकवलं जातं ते पुल रिक्वेस्ट मोजायला. २०२० च्या ‘हॅक्टोबरफेस्ट’मध्ये चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट मिळत होता. मग एखादा शब्द इकडचा तिकडे केलेल्या रिक्वेस्टचा असा पूर आला, की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावे लागले. आता त्यात एआयची भर. ‘टेस्ट पास करून दे’ म्हटलं की ही टूल्स कधीकधी कोडऐवजी टेस्टच बदलून मोकळी होतात. तपासणार कोण? तोच मेंटेनर, दिवसभराची नोकरी करून रात्री, बऱ्याचदा फुकट.

म्हणून हे काम करायचंच असेल तर नीट करा. आधी फेल्युअर स्वतःच्या लॅपटॉपवर घडवून बघा. लॉगमधली शेवटची नाही, पहिली एरर वाचा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. कालपर्यंत पास होणारी टेस्ट नेमक्या कोणत्या बदलानंतर पडली, हे शोधायला ‘गिट बायसेक्ट’ वापरा. टेस्टच चुकीची निघाली तर खुशाल बदला, पण कारण लिहा. स्किप करावी लागलीच तर त्याचा इश्यू उघडून ठेवा, म्हणजे कुणीतरी परत तिच्याकडे बघेल.

यात वेळ जातो. चार दिवसांत एकच पुल रिक्वेस्ट होईल, तीही तीन ओळींची. पण इंटरव्ह्यूमध्ये सांगण्यासारखं काही असेल तर ते त्या तीन ओळींमागे असेल. पुढच्या वेळी सबमिट करण्याआधी एक वाक्य लिहून बघा : ‘ही टेस्ट फेल होत होती, कारण...’ ते वाक्य पूर्ण करता आलं नाही, तर बटण दाबू नका.