अग्निपंखांच्या ओढीने

घरातील ज्येष्ठ एके दिवशी सहज म्हणतात, "एकदा आफ्रिकेचे जंगल पाहावे असे वाटते." मुलांच्या ओठांवर लगेच येते, "आता या वयात?" हा प्रश्न काळजीतून आलेला असतो. तरीही तो ऐकून माणूस आपली इच्छा मनातच मिटवून टाकतो. म्हणून आधी इच्छेचा मान राखावा, मग तयारीचा हिशेब मांडावा.

केनियातील मसाई मारा हे अफाट गवताळ रान. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात विल्डबीस्ट आणि झेब्रे यांचे प्रचंड कळप तेथे उतरतात. अंबोसेलीत हत्तींच्या पाठीमागे ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो उभा असतो, तर नाकुरू सरोवराकाठी अग्निपंख पक्ष्यांचे थवे दिसतात. हे सारे गाडीत बसून पाहावयाचे असल्याने पायांवर ताण कमी येतो. कस लागतो तो पाठीच्या कण्याचा आणि मूत्राशयाचा.

कच्च्या रस्त्यांवरील हादरे ठिसूळ हाडांना सोसवत नाहीत. शिवाय जंगलात वाटेल तेथे गाडीतून उतरता येत नाही. या धास्तीने अनेक ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत आणि उन्हात भोवळ येते. लघवी वाढविणारी गोळी केव्हा घ्यावी, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. नेहमीची औषधे आणि इन्सुलिन हातातील पिशवीत, चिठ्ठीसह ठेवावीत. विमा काढताना जुने आजार लपवू नयेत.

सर्वांत महत्त्वाची बाब पीतज्वराच्या लसीची. केनियाहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र लागते. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होते. मात्र वयाच्या साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका, विरळा असला तरी, वाढतो. त्यामुळे तिकिटे काढण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या नेहमीच्या औषधांशी जुळतात का, तेही त्याच वेळी विचारावे.

आणि वैद्यांनी नको म्हटले तर? शहागडच्या वाचकांनी गोदावरीच्या पुलावर उभे राहून वरच्या अंगाला दृष्टी टाकावी. तिकडे पैठणला नाथसागर आहे. १९८६ साली घोषित झालेले जायकवाडी पक्षी अभयारण्य सुमारे ३४१ चौरस किलोमीटरांवर पसरले आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पाहुणे उतरतात, त्यांत अग्निपंखही असतात. नाकुरूकाठी दिसणाऱ्या थोरल्या अग्निपंखांचीच ती जात.

आफ्रिकेला जाणाऱ्यांनीही आधी ही वारी करावी. पहाटे निघावे, दुर्बीण, टोपी, पाणी घ्यावे आणि तीन-चार तास गाडीत व काठावर काढावेत. पाठ किती दुखली, पाणी किती प्याले, औषधाची वेळ साधली का, हे सोबत्याने टिपून ठेवावे. ही नोंद डॉक्टरांना दाखविली म्हणजे सल्ला नेमका मिळतो.

निर्णय मात्र ज्यांना जावयाचे आहे त्यांना विचारूनच घ्यावा. धोका त्यांना स्पष्ट सांगावा, पर्यायही सांगावा आणि उत्तराची वाट पाहावी. त्यांच्या अपरोक्ष ठरविलेला नकार कितीही मायेचा असला, तरी तो त्यांना एकाएकी म्हातारे करतो.